शरदातलं घर: घटापासून तुळशीच्या लग्नापर्यंत, प्लास्टिकशिवाय

मृद्गंध (पुणे)

नमस्कार मंडळी,

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात आणि कार्तिकी द्वादशीपासून तुळशीची लग्नं लागतात. मधले चाळीसेक दिवस म्हणजे आपला शरद. दसरा, कोजागरी, वसुबारस, पाडवा, सगळं त्यात आलं. या दिवसांत घर सजलेलं असतंच, प्रश्न कशानं सजवायचं एवढाच. बाजारात गेलं की प्लास्टिकचे झेंडू, प्लास्टिकची आंब्याची पानं आणि चकचकीत फॉइलच्या माळा आधी दिसतात. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली, थर्माकोलची मखरं बरीच कमी झाली, पण दारं-खिडक्या या माळांनी भरून गेल्या.

यंदा आमच्या इमारतीतल्या काही घरांनी मिळून एक साधा नियम केला आहे. दारावर, देवघरात, बाल्कनीत जे जे लावू ते नंतर गाईपुढे, पाखरांपुढे किंवा खतात जाता आलं पाहिजे. चमकी नाही, स्प्रेचा रंग नाही, तारेऐवजी सुतळी. तर या दिवसांत शेतात-परसात काय काय मिळतं, ते कसं वाळवायचं, कसं बांधायचं, हे सगळं एका ठिकाणी जमावं म्हणून हा धागा.

सुरुवात झेंडूपासून करते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डात किंवा मंडईत फुलं घेतली की ती पिशवीतच राहू देऊ नका, आतल्या आत तापून काळी पडतात. टोपलीत किंवा सुपात पसरा, वरून ओलं सुती फडकं टाका. माळ ओवताना सुई देठाच्या हिरव्या वाटीतून काढा, पाकळ्यांतून नको. वाटीतून ओवलेलं फूल सुकलं तरी माळेत राहतं, पाकळ्यांतून ओवलेलं गळून पडतं. ओवलेल्या माळेवर पाण्याचा मारा करू नये, पाणी पाकळ्यांच्या आत साचून फूल कुजतं. आंब्याचा पाला मात्र ओवण्याआधी धुऊन, पुसून घ्यावा, आठवडाभर हिरवा राहतो आणि नंतर वाळला तरी गळत नाही.

तुमच्या गावाकडे काय करतात ते लिहा.

चिंगी (डोंबिवली)

मस्त धागा. दादरच्या फूलबाजारात भाताच्या लोंब्यांची तोरणं बघते दर वर्षी, पण घरी आणलं की दोन दिवसांत दाण्यांचा सडा पडतो. ती टिकतात कशी?

कातळसडा (देवगड)

चिंगी, सडा पडतो कारण लोंबी पूर्ण वाळल्यावर कापलेली असते. तोरणासाठीचा भात कापायची वेळ वेगळी. दाणा दुधातून बाहेर पडून घट्ट झाला आहे, लोंबी पिवळी पडू लागली आहे, पण देठात अजून हिरवेपणा आहे, अशी हवी. वीतभर देठ ठेवून कापायची, जुडी बांधायची आणि पडवीत सावलीला उलटी टांगायची. उन्हात टाकलीत तर देठ ठिसूळ होतो आणि वळवताना मोडतो. वेणी घालण्याआधी देठांवर ओलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा. नरम पडतात, हवे तसे वळतात आणि वाळले की त्याच आकारात घट्ट बसतात. आमच्याकडे दसऱ्यापर्यंत हळवा (लवकर पिकणारा) भात तयार असतो, गरवा (उशिरा पिकणारा) अजून शेतात उभा असतो. त्यामुळे तोरण हळव्याचंच.

पण आमच्याकडची सजावट ती मुळात सजावट म्हणून करत नाहीत. आम्ही नवं बांधतो. कोणाकडे दसऱ्याला, कोणाकडे नव्याच्या पुनवेला, म्हणजे कोजागरीच्याच पौर्णिमेला. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरीचा तुरा, कुरडूचं फूल, झेंडूचं फूल, हे सगळं आंब्याच्या पानात धरायचं आणि बांधायचं. मुख्य दारावर एक, देवघरावर एक, मग विहिरीला, गोठ्याला, नांगराला, धान्याच्या कणगीला, आता दुचाकीलासुद्धा. वर्षभर ते तिथेच असतं. पुढच्या वर्षी नवं आलं की जुनं उतरतं. धूळ बसते, दाणे पाखरं नेतात, काडी राहते, पण कोणी काढत नाही.

फ्लॅटच्या दारावरही नवं शोभतं. मुठीएवढीच जुडी असते, जागा लागत नाही. मुंबईत राहणारी आमची माणसं गावाहून येताना पिशवीतून घेऊन जातात.

मृद्गंध (पुणे)

काका, नाचणीचं कणीस आणि कुरडू इकडे कुठून आणायचं? आमच्याकडे शिरूर-पारनेरच्या बाजूनं बाजरीची कणसं येतात या दिवसांत. ती चालतील ना?

कातळसडा (देवगड)

चालतील काय, तीच बांधा. नवं म्हणजे आपल्या शिवारात त्या वर्षी जे पिकलं ते. बाजरीच्या मुलखात नाचणी शोधत फिरू नका.

धांडा (अमरावती)

आमच्या वऱ्हाडात भुलाबाई, म्हणजे पार्वती, बसते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत, महिनाभर. आता बऱ्याच घरी शेवटचे काही दिवसच करतात. कोजागरीच्या रात्री भुलोजी-भुलाबाईवर (शंकर-पार्वतीवर) ज्वारीच्या पाच धांड्यांची, म्हणजे ताटांची, खोपडी (लहानशी झोपडी) उभी करतात, कणसासकट. धांडे खाली मातीत किंवा पाटावर रोवायचे, वर कणसं एकत्र बांधायची. त्याला झेंडूच्या माळा, आत दिवा. महिनाभर गाणी आणि रोज वेगळी खिरापत. खोपडी बघायला फार देखणी दिसते आणि खर्च जवळपास शून्य.

फ्लॅटमध्ये करायची तर कुंडी घ्या. मोठ्या कुंडीत ओली माती दाबून भरा, धांडे त्यात कडेनं रोवा. कणसं वजनानं झुकतात म्हणून बांधताना सुतळीचे दोन फेरे हवेत, एक कणसाखाली आणि एक हातभर खाली. धांडा हिरवा-पिवळा असतानाचा घ्या, अगदी कडबा झालेला उभा राहतो पण पानं कुरकुरीत होऊन घरभर चुरा होतो.

खरिपाचीच ज्वारी मागा हं. शाळू रब्बीचा, तो या दिवसांत पेरत असतात.

म्हादई (फोंडा, गोवा)

आमची माटोळी भाद्रपदातली, चवथीची. पण बांधायचं तंत्र इथे उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळाचा घोस, सुपारीचा कातरा, केळ्यांचा घड, आंबाडे, चिबूड, निरफणस, तोरिंग, आणि रानातली कितीतरी फळं बांधतात. आमच्याकडे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं, आणि त्यात उतरणारी माणसं शेकडो प्रकारच्या रानवस्तू मांडतात. स्पर्धेच्या माटोळीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, ते पुढे लिहीन. आधी तंत्र.

पहिलं, जड वस्तू चारी कोपऱ्यांत, हलक्या मध्ये. नारळाचा घोस मधोमध टांगला की चौकट वाकते. दुसरं, दोर. जुनी माणसं केवणीच्या सालीचा दोर वापरतात. केवण म्हणजे तुमची मुरुडशेंग, जिची शेंग पिळलेली असते. साल सोलायची, पाण्यात भिजवायची, वळायची. हा दोर ओला असताना बांधला की वाळताना आवळतो आणि गाठ सुटत नाही. शहरात काथ्या घ्या, तोही असाच भिजवून. तिसरं, फळ देठापासून बांधायचं, पोटाला दोर गुंडाळायचा नाही. पोटाला दोर रुतला की तिथून फळ नासतं आणि खाली टपकतं.

तुळशीच्या लग्नाला बाल्कनीत उसाचा मांडव घालतात ना, त्यालाही हेच लागू. चिंचेचे आकडे, आवळ्याची डहाळी, बोरं, सगळं देठाला बांधा.

पायवाट (सातारा)

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. थोडं लांबेल.

धागाकर्तीचा नियम चांगला आहे, पण तो शेवटाचा नियम आहे, वस्तू कुठे जाणार याचा. ती कुठून आली याचाही नियम हवा. शेतातून, परसातून, बाजारातून आलेलं सगळं चांगलं. रानातून आणताना मात्र थांबून विचार करावा.

आपट्याचं उदाहरण घ्या. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून शहरात येतात. आपटा सावकाश वाढणारं झाड आहे. गावाजवळच्या टेकड्यांवरचे आपटे दर वर्षी ओरबाडले जाऊन झुडपासारखेच राहतात. त्यात गड्ड्यांमध्ये पुष्कळदा कांचनाची पानं असतात, आकार तसाच दुभंगलेला पण पान मोठं आणि पातळ. सोनं द्यायला एक पान पुरतं. तोरणासाठी आपटा वापरूच नये असं माझं स्पष्ट मत. सोसायटीच्या आवारात एक झाड लावा, पुढच्या पिढीला त्याच्या छाटणीतून पानं मिळतील.

दुसरं कास. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात आल्या त्यांत कास पठार आहे. भाद्रपद-आश्विनात तिथे तेरडा आणि सोनकी बहरात असतात आणि लोक मूठमूठ फुलं घेऊन उतरताना मी पाहिले आहेत. तिथलं एक फूलसुद्धा तोडायचं नाही. पठारावर मातीचा थर काही बोटांचा, पावसाळ्याच्या त्या काही आठवड्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं असतं त्या झाडांना. फूल नेलं म्हणजे पुढच्या वर्षीचं बी नेलं. कारवीचं तर आणखी कठीण. सात वर्षांतून एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. तिच्या फुललेल्या फांद्या फुलदाणीत लावणं म्हणजे सात वर्षांची वाट फुकट घालवणं.

आता जे हवं तेवढं घ्या असं सांगतो. कुरडू घ्या. पिकात उगवणारं तण आहे, शेतकरी उपटूनच टाकतो, विचारून घेतलंत तर आनंदानं देईल. बी पडायच्या आत काढा, उलटं टांगून सावलीत वाळवा, टोकाचा गुलाबी आणि खालचा रुपेरी रंग महिनोन् महिने राहतो. बागेतला कोंबडा त्याचाच भाऊबंद, तोही असाच वाळतो. घाणेरी घ्या, हवी तेवढी. बाहेरून आलेली, माजलेली, डोंगरच्या डोंगर व्यापून बसलेली. तिच्या लांब काड्या सोलून, ओल्या असतानाच गोल वळवल्या की दारावरच्या कड्याचा सांगाडा होतो. कर्नाटकातल्या माले महादेश्वर डोंगरात सोलिगा लोक तिचं फर्निचर करतात, इतकी चिवट असते. गुरं असतील तर पाला त्यांच्यापुढे टाकू नका, विषारी आहे.

गाजरगवताची पांढरी फुलं मात्र कृपा करून आणू नका. पुष्पगुच्छातल्या बारीक पांढऱ्या फुलांसारखी दिसतात म्हणून लोक भरीला घालतात. त्वचेला खाज, दमा, सगळं त्यानं होतं.

मृद्गंध (पुणे)

सर, हे लिहिलंत म्हणून खूप आभार. नियमात हा दुसरा भाग घालते: रानातलं नको, तण चालेल.

कातळसडा (देवगड)

सर, तुमचं कासचं पटलं. पण कोकणात गणपतीच्या माटवीला, म्हणजे आमच्याकडच्या माटोळीला, कवंडळाचं फळ लागतंच, आणि ते रानातलंच असतं. हिरव्या पानांत लालभडक कवंडळ टांगलं नाही तर माटवी माटवी वाटत नाही. आमच्या आजोबांनीही तेच केलं आणि वेल अजून आहेत.

पायवाट (सातारा)

आजोबांनी स्वतःच्या घरासाठी दोन-चार फळं आणली, वेल तसाच ठेवला आणि पिकलेल्या फळांतून बी पाखरांनी पसरवलं. त्याला माझा कधीच विरोध नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा तेच शहराच्या बाजारासाठी पोत्यानं येतं. परसामागच्या वेलीचं आणताय तर जरूर आणा. लहान मुलांच्या हाती लागणार नाही एवढं उंच टांगा, कवंडळ विषारी आहे. गुंजांचंही तेच. लाल-काळ्या गुंजा मण्यांसारख्या ओवून कंदिलाला लावलेल्या पाहिल्या आहेत. गुंज भोकं पाडून ओवली की आतलं विष उघडं पडतं, फुटकी गुंज मुलाच्या पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. घरात आणूच नये.

म्हादई (फोंडा, गोवा)

माझं मत लिहिते म्हणाले होते ते सरांच्याच वाटेनं जातं. स्पर्धेमुळे तरुण मुलं रानात जाऊन झाडं ओळखू लागली, नावं विचारू लागली, हे खरोखर चांगलं झालं. पण संख्येसाठी दुर्मिळ वस्तू आणणं मला पटत नाही. आमच्या घरची माटोळी परसातल्या आणि बाजारातल्या वस्तूंची असते. म्हापशाच्या आणि फोंड्याच्या माटोळी बाजारात गावातल्या बायका बसतात, त्यांच्याकडून घेतो. त्यांना ठाऊक असतं कोणत्या झाडाचं किती काढायचं.

नवा_भिडू (नाशिक)

वेगळा विचार मांडतो. माझ्या आईकडे कृत्रिम फुलांची माळ आहे, कित्येक वर्षं तीच लावतो. दर वर्षी किलोकिलोनं ताजी फुलं आणून चौथ्या दिवशी कचऱ्यात टाकण्यापेक्षा हे बरं नाही का? फुलांच्या शेतीत फवारणीही जबरदस्त असते.

मृद्गंध (पुणे)

आहे ती माळ टाकून द्या असं कोणीच म्हणणार नाही, वापरा. पण नवी घेऊ नका असं मी म्हणेन. ती उन्हात फिकी पडते, तिचे तंतू गळतात आणि शेवटी ती कुठे जाते ते आपल्याला माहीत आहे. आणि दुसरी बाजू शेतकऱ्याची. झेंडू करणारा माणूस दसरा-दिवाळीच्या दोन-तीन दिवसांच्या भावावर हंगाम काढतो. दुसऱ्या दिवशी त्याच फुलाला कोणी विचारत नाही, रस्त्याकडेला ढीग टाकून लोक घरी जातात. फूल उत्पादक प्लास्टिक फुलांवर बंदी मागत आले आहेत ते यासाठीच.

कचऱ्यात टाकायचं कारण नाही. पाकळ्या सावलीत वाळवून डब्यात भरा. तुरटीच्या पाण्यात भिजवलेलं सुती किंवा रेशमी कापड या पाकळ्यांच्या काढ्यात उकळलं की सुरेख पिवळं होतं. पाकळ्यांच्या बुडाशी काळी काडीसारखी बी असते, ती ज्येष्ठात पेरली की दसऱ्याला घरचा झेंडू. संकरित वाणाच्या बीपासून फूल अगदी तसंच येईल असं नाही, पण येतं.

फवारणीचा मुद्दा मात्र योग्य आहे. म्हणूनच फुलांपेक्षा कणसं, पानं, काड्या यांवर भर द्यावा असं मलाही वाटतं.

हिमकण (इलिनॉय)

इथे बसून हा धागा वाचताना फार छान वाटतंय. आमच्याकडे या दिवसांत शेजारच्या प्रत्येक दारात भोपळे, रंगीत मक्याची कणसं, पेंढ्याचे भारे असतात. अमेरिकेत सगळ्यात जास्त लाल भोपळा आमच्या राज्यात पिकतो, पिओरिया शहराच्या आसपास. आमच्या मराठी घरांनी दोन्ही एकत्र केलं आहे. दारात भोपळे, वर आंब्याच्या पानांऐवजी मेपलच्या पानांचं तोरण, आणि झेंडू.

झेंडूची गंमत म्हणजे तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. तिकडे २ नोव्हेंबरच्या पितरांच्या सणाला घरातली वेदी झेंडूनं सजवतात आणि पाकळ्यांची वाट घालतात, पितरांना घर सापडावं म्हणून. शिकागोच्या पिल्सन भागात मेक्सिकन वस्ती मोठी आहे, तिथे ऑक्टोबरअखेर झेंडू मिळतो आणि आमची दिवाळी नेमकी त्याच सुमारास असते. दुकानातल्या आजींना आमच्या पणत्यांचे फोटो दाखवले तर त्या फार खूश झाल्या.

पानांबद्दल. इथे दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य मोडतं, मग आधीपासून असलेला पिवळा-नारिंगी दिसू लागतो, आणि मेपलमध्ये लाल द्रव्य नव्यानं तयार होतं. पान खाली पडल्यावर त्याच दिवशी उचलायचं. दुसऱ्या दिवशी कडा वळतात. दोन वर्तमानपत्रांत ठेवून वर जड पुस्तकं, आठवड्यात सपाट होतं. रंग टिकवायचा तर मधमाशीचं मेण गरम पाण्यातल्या भांड्यात वितळवून पान देठानं धरून एकदा बुडवायचं, निथळायचं, टांगायचं. दुसरा मार्ग ग्लिसरिनचा. एक भाग ग्लिसरिन, दोन भाग पाणी, पानं त्यात बुडवून वर ताटली दाबून ठेवायची. काही दिवसांत मऊ, लवचिक होतात, चुरा होत नाहीत. रंग थोडा गडद होतो.

इथल्या मराठी लोकांसाठी एक सूचना. नारिंगी-लाल फळांच्या वेलीची, दारावर लावायची गोल कडी बाजारात मिळतात, आशियातून आलेली बिटरस्वीट. आपल्या मालकांगोणीच्या जातकुळीतली, दिसायला सुंदर. पण पक्षी बी नेतात आणि ती वेल इथली झाडं गळा आवळून मारते. घेऊ नका.

चिंगी (डोंबिवली)

ते दारातले भोपळे नंतर खाता येतात का?

हिमकण (इलिनॉय)

न कापलेला भोपळा थंड, कोरड्या जागी दोन-तीन महिने टिकतो. छोटे, गोड जातीचे घेतले असतील तर नंतर घारगे करा, उत्तम होतात. कोरायचे मोठे भोपळे पाणचट असतात आणि कोरले की आठवडाभरात बसतात, ते सरळ खतात. रंग लावलेला खायचा नाही. छोटे खडबडीत, पट्ट्यापट्ट्यांचे शोभेचे भोपळे असतात ते तर मुळीच खायचे नाहीत, कडू असतात आणि त्या कडवटपणानं माणूस आजारी पडतो. आपल्याकडे कडू दुधी खाऊ नये म्हणतात त्याचं कारण तेच.

षड्ज_पंचम (मिरज)

भोपळ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या गावात तंबोरे होतात, २०२४ मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठीचे कडू भोपळे पंढरपूरच्या बाजूला पिकतात. तेच तंत्र लहान दुधी भोपळ्याला लावून घरात सुंदर दिवे आणि फुलदाण्या करता येतात.

भोपळा वेलावरच जून होऊ द्यायचा. देठ वाळून तपकिरी झाला की कापायचा, देठ ठेवून. मग हवेशीर जागी, जमिनीला टेकणार नाही असा ठेवायचा किंवा टांगायचा. मधूनमधून बाजू बदलायची. वाळताना सालीवर काळी-पांढरी बुरशी येते, त्यानं घाबरून टाकून देऊ नका. मऊ पडला, पाणी सुटलं तरच टाका. लहान भोपळा दोन-तीन महिन्यांत, मोठा त्याहून उशिरा तयार होतो. हलवला की आत बिया वाजतात, तेव्हा झाला. कोमट पाण्यात भिजवून सालीचा पापुद्रा बोथट सुरीनं खरवडायचा, खाली लाकडासारखं कठीण कवच निघतं. कापताना, आत खरवडताना नाकावर रुमाल बांधा, भुकटी छातीत जाते. आत पणती ठेवू नका, वाळलेला भोपळा पेट घेतो. छोटा विजेचा दिवा सोडा आणि कवचाला सुईनं नक्षीची भोकं पाडा. छत्तीसगडमधल्या बस्तरचे कारागीर तुंब्याचे असे दिवे करतात, तापलेल्या लोखंडानं नक्षी काढतात.

यंदाच्या दिवाळीला होणार नाही, पुढच्यासाठी आता टांगून ठेवा.

धांडा (अमरावती)

हे फार कामाचं सांगितलंत. आमच्या शेतावर वेल कुंपणावर असाच पडून असतो.

अजून एक, पाडव्याला शेणाच्या गवळणी आणि पांडव घालतात त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. अंगणात शेणाच्या बाहुल्या, डोक्यावर झेंडूची पाकळी किंवा कुरडूचा तुरा खोवलेला. गोठा नसेल तर शाडूच्या करता येतील.

पायवाट (सातारा)

आमच्याकडे त्यांना कारळ्याची पिवळी फुलं खोवतात. नवरात्रात घटाला माळ घालतात तीही कारळ्याची किंवा तरवडाची. कारळा आता फार कमी शेतात दिसतो. ज्यांच्याकडे थोडी जमीन आहे त्यांनी बांधाला चार ओळी जरूर टाकाव्यात. फुलंही मिळतील, चटणीही, आणि मधमाश्याही येतील.

पिंपळाची जाळीदार पानं करायची असतील तर याच दिवसांत सुरुवात करा. जून पानं पाण्यात बुडवून ठेवा, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. तीन-चार आठवड्यांत गर सुटतो, मग मऊ ब्रशनं नळाखाली हलकेच घासा. वास येतो, म्हणून भांडं बाहेर ठेवा. वर्तमानपत्रात दाबून वाळवलं की कंदिलाच्या खिडकीला पातळ कागदावर चिकटवा, गव्हाच्या पिठाची खळ पुरते.

चिंगी (डोंबिवली)

शेवटची शंका. लोंब्यांचं तोरण यंदा काका म्हणतात तसं करणार आहे. पण त्याला किडे लागतात का? आणि बाल्कनीत लावलं तर पाखरं येतील हे छान, पण आमच्याकडे कबुतरं इतकी आहेत की चिमण्या उरल्याच नाहीत. घाण होईल ती वेगळी.

कातळसडा (देवगड)

सावलीत वाळवून झाल्यावर एक दिवस कडक ऊन द्या, किंवा कागदी पिशवीत घालून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, सोंडे मरतात. तोरण बांधताना आत कडुनिंबाच्या दोन काड्या वळवा.

कबुतरांचं असं की कबुतराला बसायला पाय टेकायची सपाट जागा लागते. कठड्यावर किंवा खिडकीच्या सळईला जुडी बांधलीत तर ती येणारच. त्याऐवजी लहान जुडी एकाच दोरावर, कठड्यापासून आणि भिंतीपासून हातभर लांब, मोकळी टांगा. वाऱ्यानं हलली पाहिजे. चिमणी आणि मुनिया लोंबीलाच धरून लोंबकळत दाणे टिपतात, कबुतराला ते जमत नाही. खाली परात ठेवा आणि पडलेले दाणे रोज उचला, नाहीतर त्यासाठी कबुतरं खाली जमतील. तुमच्या मजल्यावर चिमण्या नसतील तर जुडी इमारतीच्या कुंपणाजवळ, झुडपाच्या शेजारी लावा, पण मांजर पोचणार नाही इतक्या उंचीवर.